मोड बदलला कोणी?

गुरुवारी सकाळी सव्वासहाला कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा स्क्रीन निळी झाली, तिच्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा निळी. असं तीनदा झाल्यावर फोरमननी खुर्ची मागे सरकवली.

"काल तर सुतासारखा सरळ चालत होता," ते म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी पाटीवर लिहिलं, 'किती वेळ लागेल?'

फोरमनना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण चौतीस वर्षं लेथ खात्यात काढल्यावर हे नाव काही सुटलं नव्हतं. शेजारी, दुकानदार, पोस्टमन, सगळे फोरमनच म्हणत. त्यांच्या बायकोने तितकीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणून त्या बाई. गेल्या वर्षभरापासून बाई दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी नद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होत्या. चौदा प्रकरणांपैकी बारा झाली होती.

मध्येच त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया येत्या सोमवारी होती. "आवाज परत येईल," डॉक्टर म्हणाले होते, "पण तोच येईल असं लिहून देत नाही." तोवर दिवसाला दीड तास बोलायची मुभा होती, तीही सकाळी. दिवस वर आला की न बोलताही घशात वाळू पडल्यासारखं व्हायचं. म्हणून बाई ते दीड तास वाचनासाठी राखून ठेवत आणि बाकीचा संसार पाटीवर चालवत. ग्रंथालयाचा नियम साधा होता: एक पुस्तक, एक आवाज. दोन प्रकरणं राहिली, तर पहिल्या पानापासून सगळं दुसऱ्या वाचकाकडे जाणार होतं आणि बाईंचं वर्ष पाण्यात.

कॉम्प्युटर जुना होता. वाचन चालू असताना डिस्क अडकायची आणि मधलेच शब्द गिळायची. फोरमनची मेहुणी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. तिने पंधरा दिवसांपूर्वी येऊन जुनी डिस्क काढली आणि नवी, वेगवान एसएसडी बसवली. शब्द गिळणं कमी झालं, पण थांबलं नाही.

"भावजी, नवी गाडी घेतलीत आणि पहिल्याच गिअरमध्ये हाकताय," ती फोनवर म्हणाली. "तुमचा डबा डिस्कशी अजून जुन्या मोडमध्ये बोलतो. आयडीई म्हणतात त्याला. कारखान्यात तुमच्या स्टोअरच्या खिडकीवर कशी रांग लागायची? एकाला स्क्रू दिला, मग दुसऱ्याला पाना. तसं. एएचसीआय मोड लावला की स्टोअरवाला बत्तीस चिठ्ठ्या एकदम हातात घेतो आणि ज्या कपाटाशी उभा आहे तिथलं सगळं उरकून पुढे सरकतो."

"आमचा स्टोअरवाला एक चिठ्ठीही हातात घ्यायचा नाही," फोरमन म्हणाले, पण मुद्दा त्यांना पटला.

बुधवारी तिने सांगितलं तसं त्यांनी केलं. आधी सिस्टीमला सांगायचं की पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये ऊठ. मग कॉम्प्युटर सुरू होता होता एफ-टू दाबून सेटअपच्या जुनाट पानावर जायचं आणि आयडीईच्या जागी एएचसीआय करायचं. एकदा सेफ मोडमध्ये उठला की नव्या पद्धतीची त्याला ओळख पटते, मग नेहमीसारखा चालू करायचा. हा क्रम चुकला तर निळी स्क्रीन. फोरमननी एकेक पायरी कागदावर टिक केली. यंत्र झटक्यात उठलं. बाईंनी बारावं प्रकरण वाचलं आणि एक शब्दही गिळला गेला नाही.

आणि गुरुवारी हे.

मेहुणीचा फोन साडेआठपर्यंत लागला नाही. तोवर फोरमननी कागदावरच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा करून पाहायचा प्रयत्न केला. पण पहिली पायरी चढायला यंत्र आधी सुरू तर व्हायला हवं. पालथ्या घड्यावर पाणी.

"सेटअपमध्ये काय दिसतंय?" फोन लागल्यावर तिने विचारलं.

"आयडीई."

"मग तुम्ही परत बदललात."

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"भावजी, तो काय स्वतःहून पानावर जाऊन बदलेल? त्याला हात आहेत का?"

"मग मला काय चार हात आहेत? दोनच आहेत, आणि ते काल संध्याकाळपासून त्याच्याजवळ गेले नाहीत."

नव्या मोडची ओळख कालच पटली होती, त्यामुळे नुसता मोड बदलल्यावर यंत्र लगेच सुरू झालं. पण नऊ वाजले होते. बाईंनी पुस्तक उघडलं, एक वाक्य वाचलं, घशाला हात लावला आणि पुस्तक मिटलं. गुरुवार गेला.

शुक्रवारी सहाला पुन्हा निळी स्क्रीन. या वेळी फोरमन थेट सेटअपमध्ये गेले. आयडीई. त्यांनी मोड बदलला, यंत्र चालू झालं, जेमतेम पाच मिनिटं गेली होती. तिथेच त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण खात्यात रात्रपाळीत कुणी सेटिंग हलवलं की सकाळी पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून विचारायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची रीत.

"तू काल संध्याकाळी इथे बसली होतीस का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

"नाही, म्हणजे पुसताना वगैरे, एखादं बटण चुकून..."

"पुसताना?" बाई म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. "पुसताना एफ-टू दाबून, तुमच्या त्या पानावर जाऊन, बाण खाली करून, आयडीई निवडून, सेव्ह करून मी बाहेर आले? फडक्याने?"

"अगं, बोलू नकोस, पाटी घे..."

"पाटीवर मावणार नाही हे! चौतीस वर्षं कारखान्यात चोर सोडून संन्याशाला धरलंत, आता घरात तेच सुरू केलंत."

त्या थांबल्या तेव्हा पावणेसात झाले होते आणि आवाज फाटायला लागला होता. तेराव्या प्रकरणाचं पहिलं पान रेकॉर्ड करून त्यांनी ऐकलं आणि पुसून टाकलं. शुक्रवारही गेला. आता उरल्या दोन सकाळी आणि दोन प्रकरणं.

संध्याकाळी फोरमननी जुन्या डायरीचं पान फाडून जॉब कार्ड केलं. वेळ सात दहा, मोड एएचसीआय, तपासणारा, सही. कॉम्प्युटर बंद करून त्याच्या बटणावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवर सही केली, म्हणजे सही न तोडता बटण दाबताच येऊ नये. बाई दारातून बघत होत्या. त्यांनी पाटी उचलली, खडू घेतला आणि काहीच न लिहिता ठेवून दिली.

शनिवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. दोन्ही सह्या शाबूत. फोरमननी चष्मा पुसून पाहिल्या. मग पट्टी सोलून बटण दाबलं.

निळी.

त्यांनी हात टेकले. चौतीस वर्षांत रात्रीतून दांड्याचं माप बदललेलं त्यांनी पाहिलं होतं, नट सैल झालेला पाहिला होता, पण प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात सापडला होता. इथे हातच नव्हता. बंद पडलेलं यंत्र, वर मोहर, आणि आतून मन बदललेलं. याला म्हणायचं काय?

त्यांनी मुकाट्याने मोड बदलला. कुणाला काही विचारलं नाही. बाईंनी तेरावं प्रकरण वाचायला घेतलं आणि एका दमात एक्केचाळीस मिनिटं वाचलं.

फाईल सेव्ह करून ऐकायला म्हणून यादी उघडली, तर तेरावं प्रकरण नव्हतं. एरवी नावाप्रमाणे असलेली यादी फोरमननी आज पहिल्यांदाच तारखेप्रमाणे लावली होती, नवं सगळ्यात खाली यावं म्हणून. खाली बारावंही नव्हतं. शेवटची ओळ सहाव्या प्रकरणाची. त्यांनी बाईंकडे न बघता यादी वर सरकवली, आणखी वर, आणि अगदी माथ्यावर त्यांना तेरावं दिसलं. तारीख: एक जानेवारी, सतरा वर्षांपूर्वीची.

त्यांनी फाईल उघडली. बाईंचाच आवाज, सकाळचाच. मग जुनी कार्डं तपासावीत तसं त्यांनी एकेक फाईल पाहिली. एक ते सहा, तारखा बरोबर. सातव्यापासून पुढे सगळ्या एक जानेवारीच्या. सगळ्यांची वेळ पहाटेची. कोपऱ्यातल्या घड्याळात मात्र आजचीच तारीख होती.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. "हे बघ, माझं डोकं चालत नाही, तू फक्त ऐक. कॉम्प्युटर म्हणतो, तुझ्या ताईने तेरावं प्रकरण सतरा वर्षांपूर्वी वाचलं."

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भावजी, रात्री कॉम्प्युटर बंद केल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करता का?"

"म्हणजे काय? मेन पाडल्याशिवाय यंत्र सोडायचं?"

"अरे देवा!" ती म्हणाली आणि इतकी हसली की फोरमननी फोन कानापासून लांब धरला. "म्हणजे तुम्हीच ते! आत नाण्याएवढा एक सेल असतो. सेटअपची आठवण त्याच्यावर टिकते. तो मेलाय तुमचा, कित्येक महिने झाले असतील. भिंतीतून वीज येत असेल तर निभावतं. तुम्ही मेन पाडलं की तो सगळं विसरतो, तारीख विसरतो, मोड विसरतो, आणि सकाळी उठला की पहिल्यांदा बनून कारखान्यातून निघताना जे ठाऊक होतं तेच धरतो. तेव्हाचा मोड आयडीई."

"मग इतके दिवस कसं कळलं नाही?"

"इतके दिवस तो विसरून आयडीईवरच यायचा आणि तुम्हाला आयडीईच हवं होतं. तारीख तो थोड्या वेळाने इंटरनेटवरून सुधारून घेतो. कळणार कसं?"

फोरमननी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि वाचन? ते का नाही विसरत?"

"ते डिस्कवर असतं. डिस्कला वीज नसली तरी चालतं."

"मग तुमचं ते सेटिंग डिस्कवर का नाही ठेवत?"

"भावजी, मी दुकानात आहे. गिऱ्हाईक उभं आहे."

फोन ठेवून ते वळले. बाईंनी सगळं ऐकलं होतं. काल सकाळचा तो 'पुसताना' शब्द फोरमनना आठवत होता आणि तो कसा परत घ्यायचा ते कळत नव्हतं.

"मीच," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी. स्वतःच्या हाताने."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'फडक्याने नाही ना?'

दुपारी त्यांनी घड्याळवाल्याकडून तो सेल आणला. डबा उघडून जुना नखाने उचकटला, नवा बसवला, तारीख लावली, मोड लावला. मेन पाडून अर्धा तास वाट पाहिली. यंत्र सगळं लक्षात ठेवून उठलं. पण अर्धा तास म्हणजे रात्र नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं.

जेवणानंतर ते नेहमीप्रमाणे भिंतीशी गेले आणि बोट बटणावर ठेवून उभे राहिले. मेन न पाडता सोडलेल्या लेथमध्ये त्यांच्या शेजारच्या कारागिराची दोन बोटं गेली होती, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. त्यानंतर त्यांनी एकही यंत्र चालू मेनवर सोडलं नव्हतं. बाईंनी त्यांचा हात धरून खाली आणला. एवढंच. ते झोपायला गेले आणि मेन चालू राहिलं.

रविवारी सहाला यंत्र पहिल्याच दमात उठलं. फोरमननी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. आतून चौदावं प्रकरण ऐकू येत होतं. पाणी मोजायची पट्टी नदीच्या मुखाशी कशी रोवतात, भरती-ओहोटीची नोंद कशी ठेवतात. दहा मिनिटं, वीस, तीस. आवाज नितळ होता, फक्त वाक्याच्या शेवटी किंचित बसत होता.

छत्तिसाव्या मिनिटाला आत एकदम शांत झालं.

गेला, फोरमनना वाटलं. पुन्हा निळी. ते दार ढकलून आत गेले.

रेकॉर्डिंग चालू होतं. पडद्यावर सरळ रेष पुढे सरकत होती. बाई घशाला हात लावून बसल्या होत्या आणि पुस्तकात शेवटचा परिच्छेद उरला होता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, दुसरा घेतला. तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

यंत्राचं काय करायचं ते आता फोरमनना कळत होतं, घशाचं नव्हतं.

"राहू दे," ते हलकेच म्हणाले. "तेवढं लिहून कळवू त्यांना."

बाईंनी हाताने त्यांना गप्प केलं. मग वाचलं. एकेक ओळ, मध्ये थांबत, खरखरत, कुणा तिसऱ्याच बाईचा असावा अशा आवाजात. सात ओळींना चार मिनिटं लागली. शेवटी 'समाप्त' म्हटलं आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. फोरमननी मधली शांतता आणि स्वतःचं बोलणं तेवढं कापून टाकलं, फाईल दोनदा ऐकली आणि ग्रंथालयाला पाठवून दिली. शेवटच्या परिच्छेदाबद्दल पत्रात काय लिहायचं ते न कळल्याने काहीच लिहिलं नाही.

उत्तर सोमवारी सकाळी आलं, तेव्हा दोघं इस्पितळाच्या बाकावर बसले होते. फोरमननी फोन डोळ्यांजवळ धरून आधी स्वतःशी वाचला, मग मोठ्याने.

"चौदाही प्रकरणं मिळाली. पुस्तक यादीत घेतलं. शेवटच्या पानावर वाचिकेला सर्दी झालेली दिसते, काळजी घ्यायला सांगा."

बाई हसल्या. आवाज न करता, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. तेवढ्यात नर्सने त्यांचा नंबर पुकारला. फोरमननी हात वर करून सांगितलं, "आलो. एक मिनिट, बाई हसताहेत."