भट्टी निवायच्या आधी

आमची भट्टी कुणाचं ऐकत नाही आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा साहेब कुणाचं ऐकून घेत नाही. आईने या दोघांची गाठ एकाच मंगळवारी घालून दिली, तिथेच चुकलं.

पूर्वी आम्ही माठांच्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचो आणि तो म्हणेल त्या भावाने सगळा माल त्याच्याच गाडीत चढवायचो. मग आईने चार बायका जमवल्या, गट केला, कंपनीकडून कर्ज काढलं. व्यापारी सुटला. नवं चाक आलं, मडकी बाजारात आम्हीच विकली आणि वर्षभर माणसांसारखे जेवलो. हे खोटं नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

हप्ता दर आठवड्याला. भट्टी मात्र महिन्यातून दोनदाच लागते, वर दोन दिवस निवायला जातात. बाबांनी हे साहेबाला समजावलं होतं. तो म्हणाला, "मग रोज थोडं थोडं भाजा ना." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बाईला रोज थोडं थोडं बाळंत व्हायला सांगितलंय.

एरवी आई शिल्लक ठेवायची. त्या महिन्यात शिल्लक बाबांच्या दाढेने खाल्ली.

सोमवारी रात्री भट्टी विझली आणि मंगळवारी गट आमच्या खोलीत येऊन बसला. एकीचा हप्ता अडला की कुणीच उठायचं नाही, असा नियम. साहेब घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर. दुपार टळली.

"ताई, मला उठू दे गं," गटातली शेजारची काकू म्हणाली. "पोरं उपाशी आहेत."

"मी तरी कुठे उठतोय?" साहेब म्हणाला.

"तुम्हाला बसायचा पगार मिळतो," शिंपीण म्हणाली.

साहेबाने खिडकीतून भट्टीकडे बोट दाखवलं. "माल तयार आहे ना? काढा, विका."

"गरम आहे अजून," बाबा म्हणाले.

"फडक्याने धरा."

"हाताचं नाही हो, साहेब. वारा लागला की मडकं तडकतं."

"दादा, दहाच काढा," काकू रडवेली झाली. "कोपऱ्यातली."

आगीतून फुफाट्यात पडणं लोकांना वाईट वाटतं. आमचा तर तो धंदाच आहे. भट्टीला वेळेआधी हात लावला म्हणून आईने मला लहानपणी किती धपाटे घातलेत. त्या दिवशी तीच उठली, सळई घेतली आणि कोपऱ्यातली राख सारली. बाबांनी अडवलं नाही, फक्त पाठ फिरवली.

आईला दहाच मडकी हवी होती. पण वाऱ्याला दहापर्यंत मोजता येत नाही.

आधी एक टिंग झालं. मग दोन. मग आतून, खालून, सगळीकडून. तीनशे मडकी होती. बायका दाराशी गोळा झाल्या. साहेबाने मान वर करून विचारलं, "हा कसला आवाज?"

"वसुली चाललीय," बाबा म्हणाले.

आई हात धुऊन थेट व्यापाऱ्याकडे गेली. मी सोबत होते. तो ओरडला नाही, टोमणाही मारला नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, उचल मोजून दिली आणि पुढच्या सहा भट्ट्यांचा माल तो म्हणेल त्या दराने लिहून घेतला. इतका आदर आम्हाला त्याने कधी दिला नव्हता.

दिवेलागणीला हप्ता भरला. साहेबाने नोटा दोनदा मोजल्या, वहीत 'वेळेवर' लिहिलं आणि उभा राहून म्हणाला, "अभिनंदन! वर्षात एकही हप्ता चुकला नाही. तुमच्या गटाला आता दुप्पट कर्ज मंजूर होईल."

घरी जायची घाई असलेली काकू दारातच थांबली. "ताई, घेणार का गं?"

"घेणार," आई म्हणाली. "त्याशिवाय व्यापाऱ्याचं कसं फिटणार?"