एकही दाणा नसलेला डबा

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्या दिवशी माणसांपेक्षा मांजरांचीच गर्दी जास्त होती. निरन्न महाराजांनी जीपच्या बॉनेटवर उभं राहून भगव्या कागदात गुंडाळलेला पत्र्याचा डबा फोडला, तशी टिनाच्या छपरांवरून, गटारीतून, दुकानांच्या पालांआडून मांजरं धावत आली आणि जीपभोवती शेपट्या ताठ करून ओरडू लागली. बायांचे हात आपोआप जोडले गेले.

"हे सटवाईचं वाहन आहे," महाराज गरजले. "मुका जीव देव ओळखतो. माणूस तेवढा शंका काढतो."

महाराजांचं शास्त्र सोपं होतं. अन्न म्हणजे साखर आणि साखर म्हणजे रोग. या डब्यात धान्याचा एक दाणा नाही, म्हणून तो खाल्ला की शुगरचा आजार पळालाच समजा. अट एकच, सुई टोचायची नाही. टोचली की कल्प मोडला. वास येतो? अहो, समुद्रमंथनात निघालेली वनस्पती आहे ती, नाक दाबून गिळा. महाराज स्वतः मात्र शेजारच्या हॉटेलातली गरम भजी नाक न दाबताच खात होते.

सुकेशनी एसटीतून उतरली ती याच गर्दीत. गुरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर होती आणि महिनाभराचं प्रशिक्षण आटोपून अकोल्याहून परतत होती. तिला हसू आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मनाशी म्हणत ती घराकडे निघाली. ते हसू पुढे तिला फार दिवस टोचलं.

घर तिचं नव्हतं. दौलतसिंग आणि धनीबाई या म्हाताऱ्या जोडप्याकडे ती भाड्यानं राहायची, पण भाकरी धनीबाईंच्याच हातची खायची. आज धनीबाई खाटेवर पडून होत्या. गालांची हाडं वर आलेली, ओठ कोरडे, श्वास धाप लागल्यासारखा.

"हलकी झाली ना मी, पोरी?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "तू गेल्यावर डबा चालू केला. महाराजाचा गुण हाय."

सुकेशनीनं फ्रिज उघडला. धनीबाईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या तिनं जाताना ठेवल्या तशाच होत्या. खाटेखाली घरची मांजर भगवा डबा चाटत होती. डब्याला येणारा वास सुकेशनीच्या ओळखीचा होता. कॉलेजच्या दवाखान्यात शहरातली लाडावलेली मांजरं यायची, त्यांच्या डब्यांना हाच वास असायचा. तिनं डबा गरम पाण्यात बुडवला. भगवा कागद सुटला आणि खालून पांढऱ्या मांजरीचं चित्र वर आलं. मुदत कधीच टळून गेली होती. चित्राखाली डब्यात काय काय आहे ते छापलेलं होतं: कोंबडी, टूना मासा, कलेजी, माशाचा अर्क. आणि ठळक अक्षरांत, धान्यविरहित.

म्हणजे कंपनी खोटं बोलली नव्हती. मांजर मुळात मांस खाणारी, तिला धान्यावाचून काही अडत नाही. दाणा नाही एवढ्यापुरतं महाराजही खरंच बोलत होते. आपल्याकडे उपास मोडतो तो धान्यानं, म्हणून धान्य नाही म्हटलं की सगळ्यांनी ते पवित्र धरलं. डब्यात काय नाही ते सगळ्या गावाला पाठ होतं. काय आहे, हे कोणी विचारलंच नाही.

ओला डबा हातात धरून सुकेशनी मोरीतच बसून राहिली. धनीबाईंचा एकुलता मुलगा बादल तान्हा असताना तापानं फणफणला होता, तेव्हा त्यांनी सटवाईला नवस बोलून मांस-मासोळी जन्माची सोडली होती. बादल आता गुजरातेत ट्रक चालवायचा, आणि तो सुखरूप आहे तो या नवसामुळेच, यावर म्हातारीचं आयुष्य उभं होतं.

सुकेशनीनं आधी डब्याचं काही न सांगता नुसतं दवाखान्यात चला म्हणून विनवलं.

"सुई टोचली का सारं वाया जाईन," धनीबाई म्हणाल्या.

दौलतसिंग दारात खाली मान घालून उभे होते. शेवटी सुकेशनीनं डब्यात काय आहे ते सांगून टाकलं. धनीबाईंना पटेना. मग मांजरी काहून धावतात त्याच्याकडं, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. सुकेशनीनं शेजारच्या हेमलाकडून सुके बोंबील आणले, वाटीभर गरम पाण्यात घालून अंगणात ठेवले. घरची मांजर डबा सोडून धावली. मग कुंपणावरून दुसरी आली, मग तिसरी. ना मंत्र, ना महाराज. जमलेले शेजारी आधी हसले, मग त्यांचे चेहरे उतरले, कारण घरोघरी डबे होते. काही जण बाजाराकडे पळाले, पण जीप केव्हाच निघून गेली होती.

धनीबाई हसल्या नाहीत. 

"मंग आता माह्या बादलले काही होईन का?"

सुईसाठी दंड त्यांनी आपणहून पुढे केला. वाशीमला जाताना गाडीत त्या एकच सांगत होत्या, बादलले फोन लावा. फोन लागत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण फार उशीर झाला होता. मुलाच्या काळजीतच त्या गेल्या.

बादल दुसऱ्या दिवशी आला. धडधाकट होता, अंगावर साधा ओरखडाही नव्हता. आईनं शेवटपर्यंत त्याचीच धास्ती घेतली होती हे ऐकून तो भिंतीला टेकून रडला.

"नवस मोडला तरी मले काही झालं नाही," तो म्हणाला. "सुई बंद केली, अन् माय गेली."

तेव्हा कुठे दौलतसिंग बोलले. "मले पयल्याच दिवशी मासोयीचा वास आला होता. ती खुश होती, म्हून मी गप बसलो."

 बाजारातलं स्वतःचं हसू सुकेशनीला आठवत होतं.

आता दौलतसिंग दर बाजारी जातात. कोणी मुळी, भस्म, तेल, अंगारा घेऊन बसला की समोर उकिडवे बसतात. सगळं माहात्म्य शांतपणे ऐकून घेतात आणि चार लोकांदेखत विचारतात, "याच्यात काय नाही ते राहू दे, बाप्पा. काय हाय ते सांग."

उत्तर येईपर्यंत ते उठत नाहीत. आपणही उठू नये.