दत्तारामाच्या कानाचा चिमटा

साल दोन हजार बावीस. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात नवरात्रातली डबलबारी. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज आणि गाण्यातून मारलेले टोमणे. एका बुवाने कोडं टाकायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाऊन उत्तर द्यायचं. आम्हां कोकणातल्या माणसांना त्यापुढे क्रिकेट काहीच नाही.

माझा धाकटा भाऊ दत्ताराम असाच एक बुवा. पेटी बाबांची. बाबा गिरणीतून आले की हातपाय धुऊन मंडळात गायला बसायचे. मुलींना मंडळात जागा नव्हती, मी दाराशी तांदूळ निवडत ऐकायची. गळा दत्तारामाकडे गेला आणि पाठांतर माझ्याकडे. बाबांनी रचलेली एकूणएक गौळण मला अजून येते.

आदल्या वर्षी दुसऱ्या लाटेत दत्तारामाला करोना झाला. जीव वाचला, पण घरी आला तो वेगळाच माणूस. जिना चढला की पायरीवर बसायचा. शब्द तोंडाशी येऊन हरवायचे. कप मागायचा तर म्हणायचा, "ता... ता कान असलेला दी गो." आणि गाताना ओळ अर्ध्यावर तुटायची. डबलबारीच्या बुवाला उत्तर सुचायला उशीर झाला की तो संपलाच.

त्याचा मुलगा सुशांत त्याला मुलुंडच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेला. मीही गेले. तिथे करोनानंतरच्या त्रासांवर एक प्रयोग चालला होता. नमिता नावाची तरुण डॉक्टर होती. तिने छोटासा चिमटा दाखवला, त्याला वायर, वायरीला मुठीएवढी डबी.

"ऑपरेशन नाही, सुई नाही," ती म्हणाली. "हा कानाला लावायचा. कानाच्या ह्या भागात एका मोठ्या नसेची फांदी येते. ती नस मानेतून खाली हृदयापर्यंत, पोटापर्यंत जाते आणि वर मेंदूशी जोडलेली असते. हलका करंट देऊन आपण तिला हाक मारतो."

"म्हणजे शॉकच की!" दत्ताराम उठायलाच लागला.

"शॉक नाही हो काका. मुंग्या आल्यासारखं वाटेल."

"मुंगये कानात गेले तर बाहेर कोण काढतलो?"

नमिता खळखळून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "बरं वाटेलच असं मी सांगत नाही. आम्ही अजून तपासतोय. पण एक करा. चिमटा लावलेला असताना जे परत हवंय, त्याचाच सराव करा."

झालं! रोज सकाळी न्याहारीनंतर दत्ताराम खुर्चीत, कानाला चिमटा आणि समोर मी. मी बाबांच्या गौळणीची पहिली ओळ टाकायची, त्याने पुढची द्यायची. सुरुवातीला तो नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. मी ओठ हलवले की ओरडायचा, "सांगा नको!" आमचा पखवाजवाला खंडू दारातून डोकावून विचारायचा, "काय रे, चार्जिंगला लागलंस? किती टक्के झाला?"

श्रावणात एका सकाळी मी ओळ टाकली आणि पुढची ओळ धाडकन आली. मग त्याच्या पुढची. मी ताट वाजवत नाचले! एकाहत्तरीची बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेली!

आणि नेमकं तेव्हाच घाटकोपरच्या गुणाजी बुवांचं आव्हान आलं. गुणाजी म्हणजे जिभेवर सुरी. दत्ताराम चटकन हो म्हणाला. सुशांत मध्ये पडला.

"बाबा, घाई कशाला? स्टेजवर अडकलात तर वाट लागेल."

"अडाकलंय तर पेटी तुझी. मी परत स्टेजवर चढूचंय नाय," दत्ताराम म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि आक्का, खालसून तू ओळ सांगितलंस, तरी पेटी सुशांताची. बाबांची शपथ."

नवरात्रातल्या त्या संध्याकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. पहिल्या रांगेत मी, शेजारी मुद्दाम आलेली नमिता. चिमटा घरी कपाटात होता. तो घरी बसूनच लावायचा, अशी तिची सक्त ताकीद होती.

पहिली बारी गुणाजीची. गाता गाता त्याने खिशातून मोबाईलचा चार्जर काढला आणि सगळ्यांना दाखवत आमच्या पेटीवर ठेवला. मैदान हसून लोळलं. मग त्याने सूर लावला, "कानाक वायर लावून बुवा झालो रे शहाणो! तुझ्या बापाशीची गौळण घे, बॅटरी असली तर पुरी म्हणो!" आणि बाबांचीच ओळ आळवून त्याने सोडून दिली:

घागर माझी फुटली कान्हा, पाणी वाहे वाटेवरी...

आता दत्तारामाची पाळी. खंडूने पखवाजावर थाप मारली. दत्तारामाने पेटीवर सूर धरला, तोंड उघडलं आणि थांबला.

खंडूने ठेका फिरवून आणला. पुन्हा फिरवला. पुढची ओळ माझ्या जिभेवर उड्या मारत होती. दत्तारामाने माझ्याकडे पाहिलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान फिरवली. नमिताने माझा हात घट्ट धरला.

दत्तारामाचा हात कानाकडे गेला. "चिमटो शोधता!" मागून कोणीतरी ओरडलं. पण मला ठाऊक होतं. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, हे बाबांनीच त्याला शिकवलेलं. तो बाबांचं नाव घेत होता.

आणि तो गायला लागला!

"माईकाक तुझ्या वायर गुणाजी, दिव्याक वायर, पंख्याक वायर! देवीच्या माळेक वायर चलता, माझ्या कानाक लागली तर कित्या रे तुका येता ज्वर?"

शिट्ट्या! टाळ्या! गुणाजी स्वतःच मांडी थोपटत हसत सुटला. आणि त्या गोंगाटातच दत्तारामाने सूर चढवला:

त्या पाण्यावर तुळस उगवली, थेट सासूच्या दारी!

पदर तोंडातून निसटला आणि मी मोठ्याने गजरात सामील झाले. आमची मंडळी उभी राहिली, बायका उभ्या राहिल्या. नमिताला भजनातलं ओ की ठो कळत नव्हतं म्हणे, पण टाळ्या सगळ्यात जोरात तिच्याच.

चहाच्या वेळी दत्तारामाने तिला विचारलं, "डॉक्टरीणबाई, चिमट्यानं झाला ना हे?"

"चिमट्याने असेल, आक्कांच्या सरावाने असेल, दिवस गेले म्हणूनही असेल," ती म्हणाली. "एका माणसावरून सांगता येत नाही. पण काका, मला काय आनंद झालाय!"

नमिता पुढच्या वर्षी बेंगळुरूला गेली. तिथेही अशाच कामात आहे, दिवाळीला न चुकता फोन करते. चिमटा हॉस्पिटलला परत गेला. गुणाजी बुवांनी तो चार्जर मागितला, दत्तारामाने दिला नाही. आमचे मोबाईल अजून त्यावरच चार्ज होतात. खंडूने पखवाज नातवाला दिला आणि तो गावी बागेत रमला. सुशांत पेटी शिकतोय, पण दुसऱ्या पेटीवर. दत्तारामाला अजून जिना चढताना दम लागतो, कधी एखादा शब्द हरवतो. मग तो कानाला हात लावतो आणि वाट बघतो. बाबांची पेटी त्याच्याकडेच आहे.

आणि मी? आमच्या इमारतीतल्या बायकांनी भजनी मंडळ काढलंय. पुढच्या नवरात्रात आमचीही बारी आहे. बुवा कोण, म्हणून काय विचारता!