पंचामृताचं बोट

"एक नोकरी धड धरवली न्हाय हिला, आन् मला शानपन शिकवती!" सुंदरम्मा शेजारच्या सावित्रम्मांच्या कानात पुटपुटल्या, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतपत हळू.

लेकीनं, श्रीदेवीनं, टोमणा गिळला. पुण्याच्या कंपनीत ती रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या बनवायची. ते सोडून सोलापूरच्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवायला आली, तरी सुट्टी लागली की कॉलेजच्या पोरांना घेऊन त्याच कंपनीच्या कारखान्यात हजर. आईच्या लेखी ती धड हितली न्हाय, धड तितली न्हाय.

मंद्रूपचं मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. "डाक्टरचं गिऱ्हाईक येतं, शिवाचं लेकरू होऊन जातं!" शर्कराहर बाबा गर्जत होते. आलेल्याच्या तळहातावर ते पंचामृत घालत. तो चाटून हात रिवाजाप्रमाणं डोक्यावरून फिरवी. त्याच हाताच्या बोटाला सुई. साखर मोजायच्या यंत्रावर चारशे! मग 'तीर्थानं' हात धुवायचे, पुन्हा सुई. शंभर! हर हर महादेव! आणि इन्सुलिनची बाटली कायमची बाबांच्या टोपलीत.

सुंदरम्मांनी पिशवीतून आपली बाटली काढली.

श्रीदेवी ताडकन उठली. "बाबा, आधी माझी तपासा. सुई मात्र नवी काढा."

"साखर हाय का बाई तुला?"

"तेच बघू की."

पंचामृत झालं, सुई टोचली. तीनशे ऐंशी.

"अगं बया!" सुंदरम्मांचा हात छातीवर गेला.

श्रीदेवीनं पर्समधल्या बाटलीतल्या पाण्यानं खळखळून हात धुतले. "हे आमच्या घरच्या नळाचं." पुन्हा सुई. ब्याण्णव.

बाबा हसले. "नळातबी आमचीच कृपा वाहती."

"मग पाणीपट्टी तुमीच भरा की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"अव्वा, मला मधुमेह नाही," श्रीदेवी आईकडं वळून म्हणाली. "असल्या पट्ट्या मी केल्यात. पट्टीला साखर कळते. ती रक्तातली की बोटाला लागलेल्या मधाची, ते नाही कळत. प्रसादाचा हात आपण धूत नाही, त्यावर ह्यांचं दुकान! आणि धुतल्यावर आकडा उतरतो, तो तुमच्याच सकाळच्या औषधानं. 'शेवटचं इंजेक्शन घेऊन या' असं हे उगाच सांगतात? आणि बाटली इथं टाकल्यावर उद्या काय घेणार?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "महादेवप्पांना आठवा! आमचा पहिला भक्त. औषध टाकलं आन् महिन्यात शिवाशी एकरूप, शिवैक्य! केवढं पुण्य!"

सगळ्यांच्या माना सावित्रम्मांकडं वळल्या. महादेवप्पा सावित्रम्मांचे मालक. त्यांच्या दिवसांचं जेवण सगळं गाव जेवलं होतं, पुण्य-पुण्य म्हणत हात पुसून घरी गेलं होतं. त्या बाईसमोर दुसरं काही बोलायला श्रीदेवीचीही जीभ रेटेना.

सावित्रम्मा सावकाश उठल्या. सुंदरम्मांच्या हातातली बाटली घेऊन त्यांनी ती परत पिशवीत घातली.

"देवाला हात जोड, सुंदरम्मा. पर औषध डाक्टरला इचारल्याबिगर सोडू नगं." मग त्या बाबांकडं वळल्या. "माझं मालक शिवैक्य झालं न्हाईत. इंजेक्शन बंद केलं, म्हणून मेलं."