आयझिरेकचा पहिला पगार

"आता कार्ड घाला हो आत!" मी म्हटलं. नारीन शहराच्या बाजारातल्या पैशाच्या यंत्रापुढे आमचे हे, म्हणजे सुयुनबेक, ओले तळवे कोटाला पुसत उभे होते. येताना नळावर साबण लावून हात धुतले होते, तेही दोनदा.

चाळीस वर्षं ह्या माणसाने गावाच्या पाण्याचे पंप दुरुस्त केले. दिवसाकाठी बोलणं सहा शब्द, त्यातले चार पंपाशी. तीन महिन्यांपूर्वी आमची लेक आयझिरेक नोकरीसाठी परदेशी, तिबिलिसीला निघाली, तर हे जे पंपाच्या खोलीत शिरले ते बाहेर येईनात. लांब जाणाऱ्या लेकराला बापाने तळवे उघडून बता द्यायची, म्हणजे आशीर्वाद द्यायचा. पोरगी दारात ताटकळली. "हाताला ग्रीस आहे," एवढंच आतून ऐकू आलं. गाडी निघून गेली. तेव्हापासून ह्यांना जेवण गोड लागत नव्हतं, पण कबूल करतील तर शपथ.

तिची कंपनी पगार देते डिजिटल नाण्यांत. शिकाऊ महिने संपल्यावर आलेला पहिला पगार तिने अख्खाच्या अख्खा बापाच्या फोनमधल्या पाकिटात पाठवला. पाकिटाला जोडलेलं कार्ड आधीच टपालाने आलं होतं. पहिल्या पगारावर आईबापाने बता दिल्याशिवाय आमच्यात त्यातून साधा पावही आणत नाहीत.

शेजारची झानिल शाळेत गणित शिकवते. तिने सकाळी फोन बघून सांगितलं, "काका, आले पैसे!"

"कुठे?"

"पाकिटात."

ह्यांनी कोटाचा खिसा चाचपला.

"तिथे नाही हो, फोनमध्ये. हा बघा आकडा."

"आकड्यावर कसली बता देऊ? नाणं दाखव."

"हे नाणं दिसत नसतं, काका."

"मग नाणं कशाला म्हणता त्याला?"

"त्याचा भाव उतरतोय काका, लवकर काढा!"

"भाव मेंढ्यांचाही उतरतो. म्हणून मी कधी पळत सुटलोय?"

शेवटी झानिलने तोडगा काढला. कार्ड यंत्रात घातलं की नाण्यांचे सोम, म्हणजे आपल्या देशाचे पैसे होतात आणि खऱ्या नोटा बाहेर येतात. म्हणून ही वरात बाजारात.

कार्ड आत गेलं. यंत्र घरघरलं, आणि फटीतून नोटांची चळत डोकावली. मी हात पुढे केला.

"थांब! आधी बता."

ह्यांनी डोळे मिटले, तळवे उघडले. वडीलधाऱ्याने तळवे उघडले की बाकीच्यांनी नुसतं बघत राहायचं नसतं. मागच्या रांगेने पिशव्या खाली ठेवल्या. रांगेतल्या खाटकाने फोनवरच्या माणसाला ताटकळत ठेवून फोन काखेत धरला. सगळ्यांचे हात वर.

"पोरी, तुझी वाट मोकळी असू दे. घर उबदार असू दे. साहेब शहाणा मिळू दे. तुझ्या नळाचं पाणी थंडीत गोठू नये. पाइपाला गंज लागू नये. वायसर झिजू नये..."

तीन महिन्यांचं साठलेलं होतं ते, थांबतंय कशाला! मलाही भरून आलं.

"ओमीन!" सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

डोळे उघडले तर फट रिकामी.

"अगं बाई! काका, वेळेत उचलल्या नाहीत की यंत्र नोटा परत घेतं हो!" झानिल ओरडली.

"अर्ज करा," खाटीक म्हणाला. "पंधरा दिवसांत येतील कार्डावर. माझे आले होते."

"तुम्हीपण बता देत होतात?" झानिलने विचारलं.

"छे! गप्पा मारत होतो."

रांग खदाखदा हसली. हे मात्र रिकाम्या फटीकडे बघत राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मिळाले का पैसे?"

"मिळाले होते. यंत्राने परत नेले." मला वाटलं, आजचे सहा शब्द संपले. "आयझिरेक, त्या दिवशी हाताला ग्रीस नव्हतं गं. तुला जाताना बघवत नव्हतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"थांब," हे म्हणाले. फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा तळवे उघडले.

मी मागे वळून बघितलं. रांगेने परत पिशव्या खाली ठेवल्या होत्या.