साहेबरावांची साहेबरावांना चिठ्ठी

आमच्या आमदारांचं नावच साहेबराव. त्यामुळे बासष्टला निवडून आले तेव्हा साहेब, सदुसष्टला पडले तेव्हाही साहेबच. मूळचे वकील. पडल्यावर पुन्हा काळा कोट चढवला आणि काही वर्षांनी पुण्याच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश होऊन बसले. आकुर्डीत सगळ्यांना वाटलं, साहेबांची बदली झाली.

कोंडीराममामाची केस नेमकी त्यांच्यापुढे लागली. मशीनखाली झोपला म्हणून कंपनीनं मामाला काढलं होतं. मामा म्हणे, पडलेला पाना शोधत होतो. दीड वर्ष घर मामीच्या शिवणावर चाललेलं.

निकालाच्या दिवशी मी सोबत होतो. आमचे वकील कानात पुटपुटले, "टाईप झालाय. मामा परत कामावर. फक्त गप उभे राहा."

साहेबांनी कागद उचलला. मामा पुढं सरकला.

"सायेब, आधी येवढं बघा."

आणि त्यानं खिशातून चिठ्ठी काढून दिली. आमदारकीच्या काळात साहेब अशा चिठ्ठ्या गठ्ठ्यानं वाटायचे. नोकरी हवी, चिठ्ठी घ्या. दवाखाना, चिठ्ठी घ्या. मामाला तेव्हा चिठ्ठीविनाच नोकरी लागली, म्हणून त्याची शिल्लक राहिली होती. मजकूर असा: 'पत्रवाहक आमचा माणूस आहे. काम करावे.'

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"ही सही कुणाची?"

"तुमचीच की! शाई बी उडाली न्हाई."

कंपनीचे वकील ताडकन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि हरकत कशावर घ्यायची ते न सुचून खाली बसले. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"कोंडीराम," साहेब हळूच म्हणाले, "तुमचं काम करावं, असं मीच मला लिहिलंय. आता मला ते करता येणार नाही."

"म्हंजे?"

"केस दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल. पहिल्यापासून चालेल."

टाईप केलेला कागद त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत चार तुकडे करून टोपलीत टाकला.

आम्ही घरी आलो. मामी दारातच उभी.

"काय म्हणाले सायेब?"

मामा आत निघून गेला. सांगायचं माझ्यावर आलं.

"म्हणाले, मामा त्यांचा माणूस आहे."

"आगं बया!" मामीनं आत वळून शिवणाच्या मशीनवर झाकण घातलं. "मग उद्या कुठल्या शिफ्टला डबा द्यायचा?"