मधला स्पीकर

सिरसाळ्यातल्या घरच्या दुकानावरच्या माडीत सरकी पेंडीची पोती छताला भिडलेली होती. कावेरीनं त्यांच्याच भिंती रचून घेतल्या, कारण पेंडीचं पोतं आवाज पिऊन टाकतं, घुमू देत नाही. मध्ये एक खुर्ची, समोर तीन स्पीकर, मागं दोन. उद्या तिच्या वडिलांचं, विश्वेश्वरअप्पांचं, पहिलं पुण्यस्मरण होतं. गेल्या वर्षी गावकऱ्यांनी देवळात प्रत्येकाला वेगळा माईक लावून रेकॉर्ड केलेलं त्यांचं भजन असं वाजवायचं होतं, की ऐकणाऱ्याला आपण भजनाच्या मधोमध बसलोय असं वाटावं. पुण्यात ती हेच काम करायची. वडिलांसाठी मात्र पहिल्यांदाच करत होती.

संगणकाच्या पडद्यावर एक गोल होता आणि गोलात प्रत्येक आवाजाचा एक ठिपका. ठिपका सरकवला की आवाज त्या दिशेला जायचा. अप्पांचा ठिपका तिनं समोर मधोमध ठेवला, पंडितमामांचा तबला उजवीकडं, टाळ दोन्ही अंगांना. योगिताचा ठिपका ओढत पार मागच्या डाव्या कोपऱ्यात नेला आणि आवाज निम्म्यानं उतरवला.

योगिता मागच्या गल्लीतली, आता शाळेत शिकवायची. अप्पांनी तिला सात वर्षं गाणं शिकवलं होतं. कावेरीला मात्र बाराव्या वर्षीच सांगून टाकलं होतं, "तुझा कान लई तिखट हाय पोरी, पण गळा न्हाई." ते खरं होतं, म्हणून तिनं कधी वाद घातला नाही. गावात शंभर जण त्यांना अप्पा म्हणत, तेही तिला चालायचं. योगितानं म्हटलं की मात्र दाताखाली खडा यायचा.

पण योगिता समोरूनही ऐकू येत होती. कावेरीनं जोडणी तपासली. योगिताचा ट्रॅक फक्त मागच्या दोन स्पीकरांनाच जात होता. मग तिनं तो बंदच केला. तरी ती होतीच, बारीक, अप्पांच्या माईकमध्ये शिरलेली. म्हणजे इतकी जवळ बसत होती! आणि आणखी एक गोष्ट झाली. योगिताचा ट्रॅक बंद होताच अप्पांचा सूर जागोजागी उतरलेला ऐकू यायला लागला. माईकचा दोष असेल, असं म्हणून कावेरीनं योगिताला पुन्हा चालू केलं. मागच्याच कोपऱ्यात.

दुपारी पंडितमामा आणि योगिता ऐकायला आले. मामा खुर्चीत बसले, स्वतःचा तबला ऐकून खूश झाले, मग मान वळवून मागं बघायला लागले.

"कावून गं, या पोरीला पेंडीच्या पोत्यात कावून बसवली? म्हशीला गाणं ऐकवायलीय का?"

"मामा, भजन अप्पांचं आहे."

"मग, न्हाई कोण म्हणतंय? पर ही रोज त्यांच्या डाव्या अंगाला बसायची."

"कळलं मला ते."

योगिता दारापाशीच उभी होती. "ताई, माझा आवाज काढून टाकला तरी चालंल," ती म्हणाली. "पण मग अप्पा उघडे पडतील."

"म्हणजे?"

योगितानं मामांकडं पाहिलं. मामा चष्मा पुसू लागले.

"त्यांचा उजवा कान गेलता, ताई. दोन वर्षं झाली होती. डाव्यानंबी कमीच यायचं. पेटी ऐकू यायची न्हाई, म्हणून मी जवळून सूर द्यायचे."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुमालाच सांगायचं नव्हतं त्यांना. म्हणायचे, 'कावेरी एका ओळीत धरंल मला.' म्हणून तर फोनवर..."

"गायचे बंद झाले," कावेरी म्हणाली. पूर्वी ते तिला फोनवर भजन गाऊन दाखवायचे; ते थांबलं, तेव्हा अप्पांना ऐकवायला आता दुसरं माणूस मिळालं, असं ती समजून चालली होती.

आता चिडायला कारण उरलं नव्हतं, तरी चीड होतीच. अप्पांनी आपली लाज योगिताच्या हाती दिली होती, आणि झाकायला सांगितली होती ती कावेरीपासून.

तिनं ठिपका धरला. मागच्या कोपऱ्यातून पुढं आणला, अप्पांच्या डाव्या हाताला चिकटवला आणि आवाज मुळात होता तितका चढवला. भजन पुन्हा लावलं. अप्पा खणखणीत गायले.

"हां, आता बसले बघ सगळे जागच्या जागी," मामा डोळे मिटून म्हणाले.

योगितानं ओढणी डोळ्यांना लावली. ते कावेरीला आवडलं नाही.

"उद्या नऊला या," ती म्हणाली. "स्पीकर देवळात न्यायचेत."

दोघं जिना उतरून गेल्यावर तिनं बाकीचे सगळे ट्रॅक बंद केले. नुसता अप्पांचा माईक फोनमध्ये उतरवून घेतला. हा कोणालाच ऐकवायचा नव्हता. खुर्चीत बसून तिनं तो लावला. तिसऱ्या ओळीला अप्पांचा सूर उतरू लागला, तशी ती स्वतःच गुणगुणून त्यांना वर ओढू पाहू लागली. तिचा लागला नाही. मग योगिताचा आला, बारीक, अप्पांच्याच माईकमधून, आणि त्याला धरून अप्पा वर चढले.